ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर: आधी मागे बघा, मग पुढे

इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ब्रेक कंट्रोलर म्हणजे गाडीचा ब्रेक लागला की ट्रेलरच्या ब्रेकना वीज सोडणारा डबा. सगळे आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहेत.

प्रश्न : दोन अ‍ॅक्सलचा, भरल्यावर साधारण २,४०० किलो होणारा ट्रेलर घ्यायचा आहे. कंट्रोलर दोन प्रकारचे दिसतात, टाइम-डिले आणि प्रपोर्शनल. दुसरा बराच महाग आहे. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि गर्दीच्या रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

टाइम-डिले कंट्रोलरला एकच गोष्ट समजते : ब्रेक लाइट लागला. तो लागला की ठरवून दिलेल्या वेळात ठरवून दिलेल्या व्होल्टेजपर्यंत तो चढत जातो. तुम्ही सिग्नलपाशी पाय नुसता टेकवलात काय किंवा समोर काही आडवं आलं म्हणून पॅडल तळाला लावलंत काय, त्याला दोन्ही सारखंच. म्हणून हळू चालताना ट्रेलर मागून हिसके देतो आणि खरा जोर लागतो तेव्हा मागून ढकलतो. मधला मार्ग म्हणून लोक आकडा कमी ठेवतात. हिसके थांबतात, पण ट्रेलर थांबवायचं काम पुन्हा गाडीच्या ब्रेकवर येतं.

प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये गाडीचा वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो. जुन्या पद्धतीत लोलक, नव्यात अ‍ॅक्सिलरोमीटर. गाडी जेवढी जोरात थांबते तेवढाच ट्रेलर थांबवला जातो. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३, रेडार्कचा टो-प्रो एलिट हे या जातीचे. तुमच्या ट्रेलरच्या वजनाला आम्ही प्रपोर्शनलच घेऊ.

मात्र त्याचे स्वभाव माहीत असू द्या. सेन्सरला उतार आणि ब्रेक यांतला फरक पूर्ण कळत नाही. दहा टक्के उतारावर गाडी नुसती सरळ चालत असली तरी गुरुत्वाकर्षणाचा दहावा हिस्सा त्याला पुढच्या दिशेनं जाणवतो. म्हणून उतारावर पॅडलला पाय लावताच ट्रेलर सपाटीपेक्षा जास्त धरतो, चढावर कमी. उतारावर हे सोयीचंच आहे. रिव्हर्समध्ये मात्र गणित उलटं होतं : मागे जाताना ब्रेक लावला की सेन्सरवरचा जोर मागे जातो आणि काही कंट्रोलर जवळजवळ काहीच देत नाहीत. तिथे हातानं चालवायचा मॅन्युअल लिव्हर वापरायचा. त्यातून ट्रेलरचे ड्रम ब्रेक मुळातच उलट दिशेनं कमी धरतात, त्यामुळे चढणीवरून मागे येताना वेग माणसाच्या चालीपुरताच ठेवा.

टाइम-डिले वाया गेलेला पैसा नाही. एका अ‍ॅक्सलचा हलका ट्रेलर, महिन्याकाठी एखादी फेरी, बहुतेक सपाट रस्ता, असं असेल तर तो पुरतो. आणि खडकाळ, कच्च्या वाटेवर, जिथे गाडी सतत डुलते आणि सेन्सर गोंधळतो, तिथे ठरावीक जोर देणारी पद्धत उलट बरी पडते. टो-प्रोमध्ये दोन्ही मोड आहेत ते याचसाठी.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. कंट्रोलर निवडताना वजनाआधी ट्रेलरला किती ब्रेक आहेत ते मोजा. दोन अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना ब्रेक म्हणजे चार. काही ट्रेलरांना दोन अ‍ॅक्सल असूनही एकाच अ‍ॅक्सलला ब्रेक असतात. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या पाठीमागच्या पत्र्यातून दोन वायरी बाहेर येतात का, हे वाकून बघा.

प्रश्न : माझ्या ट्रेलरच्या कपलिंगमध्येच ब्रेक आहे, गाडी थांबली की दांडा आत दाबला जातो. कंट्रोलर लावल्यास ब्रेक सुधारतील का?

उत्तर : नाही. तो ओव्हररन म्हणजे सर्ज ब्रेक. ट्रेलरच्या स्वतःच्या धक्क्यानं तो चालतो, त्याला वीज लागत नाही, त्यामुळे कंट्रोलरला काही कामच नाही. ब्रेक कमजोर वाटत असेल तर कपलिंगचं ग्रीस, डँपर आणि ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूंची अ‍ॅडजस्टमेंट तपासा.

तिसरा प्रकारही आहे : विजेवर चालणारा पंप ट्रेलरवर बसवून डिस्क ब्रेकला तेलाचा दाब देणारा. त्याला कंट्रोलर लागतो, पण कोणताही चालत नाही. हा पंप ताकद ट्रेलरवरच्या बॅटरीतून घेतो आणि कंट्रोलरकडून फक्त इशारा घेतो. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये प्रत्येक ड्रमच्या आत एक विजेचं चुंबक, म्हणजे मॅग्नेट असतं; अशी चार मॅग्नेटं ओढतात तेवढा करंट न दिसल्यामुळे काही कंट्रोलर ‘ट्रेलर जोडलेलाच नाही’ असं धरून बसतात. इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक चालतं असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि सेटिंगमध्ये तो मोड निवडायचा राहू देऊ नका.

प्रश्न : कंट्रोलरला चार वायरी आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, पॉवर फ्यूजबॉक्समधून घेऊ. चालेल का? वायर किती जाडीची?

उत्तर : फ्यूजबॉक्समधून नको. थेट बॅटरीतून घ्या. कारण साध्या हिशेबात आहे. दहा किंवा बारा इंची ड्रमचं एक मॅग्नेट पूर्ण जोराला सुमारे ३ अँपिअर घेतं. म्हणजे दोन ब्रेकना ६, चारांना १२, सहांना १८. (सात इंची छोट्या ड्रमचं मॅग्नेट अडीचच्या आसपास घेतं.) हा करंट दुसऱ्या कामासाठी ओढलेल्या बारीक वायरीवर टाकला तर व्होल्टेज वाटेतच संपतं.

रंग बहुतेक कंट्रोलरना असे असतात : काळी म्हणजे बॅटरीचा प्लस, पांढरी म्हणजे मायनस, लाल म्हणजे ब्रेक लाइटच्या स्विचची अशी बाजू जिथे पॅडल दाबल्यावरच वीज येते, आणि निळी म्हणजे ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. गाडीच्या स्वतःच्या वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, तेव्हा तिथे रंगावर न जाता टेस्टरनं बघून जोडा. काळी-पांढरी उलट झाली तर बरेच कंट्रोलर जागच्या जागी जळतात, आणि अशा चुकीला वॉरंटी नसते.

काळ्या वायरीत बॅटरीच्या जवळ, फूटभराच्या आत, आपोआप पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर बसवा : चार ब्रेकपर्यंत २० अँपिअर, सहांना ३०. फ्यूज का नको? क्षणिक शॉर्टनं फ्यूज उडाला तर पुढचा सगळा प्रवास ट्रेलर बिनब्रेकचा होतो, आणि ते कळतं ते नेमकं ब्रेक लावल्यावर. ब्रेकर थंड होऊन पुन्हा जोडला जातो. पांढरी वायर डॅशबोर्डखालच्या कुठल्याशा स्क्रूला न लावता बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या.

जाडीचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. कंट्रोलरपासून चाकापर्यंत ७ मीटर आणि परतीचा मार्ग ७ मीटर, अशी एकूण १४ मीटर वायर धरा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १२ अँपिअर गेले तर जवळपास २ व्होल्ट वाटेत जातात. म्हणजे साडेबाराच्या जागी साडेदहा व्होल्ट मॅग्नेटला मिळतात आणि त्याच प्रमाणात पकड घटते. तीच वायर ५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट अर्धा व्होल्टभर. गाडीत आणि ट्रेलरच्या मुख्य वायरीत ५ च्या आसपास ठेवा, चाकाजवळच्या छोट्या तुकड्यांना कमी चालेल. हजारोंचा कंट्रोलर आणून त्याला सुतळीएवढी वायर जोडणं हा आम्हांला सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मायनस सोडा. जोड पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करून उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

प्रश्न : डॅशबोर्डखाली जागाच नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये बसवला तर?

उत्तर : मॅन्युअल लिव्हर आतच राहणार असेल तर नको. हा लिव्हर निव्वळ चाचणीसाठी नसतो. वाऱ्यानं किंवा मोठ्या ट्रकच्या झोतानं ट्रेलर डुलायला लागला, की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक लिव्हरनं हळूहळू लावायचा. मागून ताण आला की ट्रेलर ओळीत येतो. त्या दोन सेकंदांत हात आपसूक तिथे गेला पाहिजे. म्हणून खरेदीआधीच सीटवर बसा, पट्टा लावा, डोळे मिटा आणि हात कुठे सहज पोचतो ते बघा. शेजारी बसणाऱ्याचा हातही पोचला तर उत्तमच.

जागा अगदीच नसेल तर मुख्य डबा आत लपवून डॅशवर फक्त एक बटन आणणारे कंट्रोलर घ्या. टो-प्रो तसाच आहे. त्याचा डबा कुठल्याही कोनात बसतो आणि पहिल्या काही ब्रेकिंगमध्ये गाडीची दिशा तो स्वतः शिकतो. लोलकाच्या कंट्रोलरला ही मुभा नाही. तो गाडीच्या दिशेला समांतर हवा आणि सपाट जागी उभं राहून त्याची लेव्हल लावावी लागते. लेव्हल पुढे कलली तर ब्रेक दचकवतात, मागे कलली तर उशिरा लागतात.

प्रश्न : गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला जास्तीत जास्त किती जोर द्यायचा तो आकडा, कितीवर ठेवायचा? एकानं ६ सांगितलं, दुसऱ्यानं ९.

उत्तर : दोघांचंही त्यांच्या ट्रेलरपुरतं बरोबर असेल. दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, कारण तो ट्रेलरचं वजन, शूंची स्थिती आणि वायरीतली घट या तिन्हींवर ठरतो.

पद्धत अशी. ट्रेलर प्रवासात भरणार तसाच भरा. सुक्या, सपाट, मोकळ्या पक्क्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेग घ्या. त्याआधी दहा-पंधरा वेळा हलके ब्रेक लावून ड्रम कोमट करा, कारण थंड किंवा दमट ड्रमवर लावलेला आकडा पुढे खोटा ठरतो. आता पायानं ब्रेक न लावता लिव्हर पूर्ण सरकवा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसरली तर गेन कमी करा. नुसतं ओढल्यासारखं वाटलं तर वाढवा. चाक घसरायच्या जेमतेम अलीकडे जो आकडा येतो तो तुमचा. चाकं घसरतात का हे बाहेर उभ्या माणसाला लवकर दिसतं, तेव्हा एक सोबती घ्या.

गेन कमालीचा वाढवूनही चाकं घसरायचं नाव घेत नसतील तर वजन खरंच जास्त आहे किंवा ब्रेकमध्ये दोष आहे. पूर्ण भरलेल्या ट्रेलरची चाकं घसरलीच पाहिजेत असं नाही, पण ओढ ठळक जाणवायला हवी.

ट्रेलर रिकामा केला की आकडा खाली आणा. पाऊस किंवा खडी लागली की आणखी खाली. हे न केल्यानं ओल्या वळणावर ट्रेलरची चाकं जाम होतात आणि तो बाजूला सरकतो.

प्रॉडिजीसारख्या कंट्रोलरमध्ये ‘बूस्ट’ असतो, त्याची गेनशी गल्लत करू नका. गेन जास्तीत जास्त किती हे ठरवतो, बूस्ट सुरुवात किती जोरानं व्हावी हे. ट्रेलर गाडीपेक्षा हलका असेल तर बूस्ट बंद ठेवा. ट्रेलर वरचढ असेल तर एकेक पायरी चढवा.

नवे शू असतील तर आकड्याच्या मागे लागण्याआधी ते बसू द्या : ताशी ६५ वरून ३० पर्यंत वेग उतरवणारे वीस ते तीस ब्रेक, प्रत्येकामध्ये ड्रम निवायला वेळ देऊन. साधारण ३०० किलोमीटरनंतर अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा बघा. स्वयंचलित अ‍ॅडजस्टर नसेल तर चाक उचलून मागच्या फटीतून दात्यांचं चक्र फिरवा : चाक फिरवायला फार जड होईपर्यंत आवळा, मग उलट फिरवून अगदी हलकी घासण राहील तिथे थांबा. सैल शूंची भरपाई गेन वाढवून होत नाही, मॅग्नेटचा हात शेवटच्या टोकापर्यंत जातो आणि तिथेच अडतो.

प्रश्न : ब्रेक कमजोर झाले म्हणून कंट्रोलर बदलला, तरी तसंच. कधी मधूनच ‘ओव्हरलोड’ दिसतं. नवाही खराब निघाला का?

उत्तर : फार करून नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं आहे. दोष ट्रेलरमध्ये शोधा.

पहिली चाळणी : ट्रेलरचा प्लग काढा आणि लिव्हर सरकवा. ओव्हरलोड गेला तर गाडीची बाजू निर्दोष.

मग ट्रेलरच्या प्लगमध्ये निळी (ब्रेक) आणि पांढरी (अर्थ) या पिनांमध्ये मल्टिमीटरनं ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही दांड्या एकमेकींना लावून जो आकडा येतो तो वजा करा, कारण इथे दशांशाला किंमत आहे. दहा-बारा इंची ड्रमचं एक मॅग्नेट ३.२ ओहमच्या आसपास असतं. चार जोडलेली असतील तर ०.८ यायला हवेत, दोन असतील तर १.६. चार ब्रेकच्या ट्रेलरवर १.०७ आले तर एक मॅग्नेट तुटलेलं किंवा सुटलेलं आहे. १.६ आले तर दोन, आणि बहुधा एका अख्ख्या अ‍ॅक्सलची वायर गेली आहे. अनंत आलं तर निळी किंवा अर्थ तुटली आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट.

‘मधूनच’ हा शब्द तुम्ही लिहिलात त्यावरून आमचा पहिला संशय अ‍ॅक्सलच्या नळीवर. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर बऱ्याच ट्रेलरांत नळीच्या पोटातून जाते. खड्ड्यांत ती आत आपटते, नळीच्या तोंडाच्या धारेवर इन्शुलेशन घासून उघडं पडतं आणि चालताना अधूनमधून लोखंडाला टेकतं. उभ्या ट्रेलरवर मीटर निर्दोष दाखवतो. नळीतली वायर कायमची रद्द करा आणि नवी बाहेरून, जाळीदार नळीत घालून, अ‍ॅक्सलला बांधून न्या.

ओव्हरलोड नाही, नुसता कमजोरपणा आहे, तर लिव्हर पूर्ण सरकवून चाकापाशी व्होल्टेज मोजा. अर्धवट सरकवून मोजू नका. कंट्रोलर वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतो, साधा मीटर त्याची सरासरी दाखवून फसवतो. बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी दिसले तर वायर बारीक आहे किंवा अर्थ गंजला आहे. अर्थ कपलिंगच्या गोळ्यातून जातोय असं आढळलं तर ताबडतोब वेगळी वायर टाका. गोळा ग्रीसनं माखलेला असतो, तो विजेसाठी नाही.

व्होल्टेज बरोबर असेल तर ड्रम उघडा. बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबल्यानं मागचं सील फुटतं आणि ग्रीस शूंवर येतं. माखलेले शू धुऊन उपयोग नाही, बदला, आणि डाव्या-उजव्या चाकांचे एकदमच बदला, नाहीतर ट्रेलर एका बाजूला ओढतो. मॅग्नेटचा चेहरा सपाट झिजलेला हवा. तिरका झिजला असेल तर मॅग्नेटच्या हाताचा बुश गेला आहे. मॅग्नेटची वायर आणि त्याची लोखंडी चौकट यांत मीटरनं काहीही जोड दाखवली तर ते मॅग्नेट निकामी.

उभ्या ट्रेलरवर ब्रेक ‘लागून’ बघता येत नाही हेही सांगायला हवं. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटून ओढलं जातं तेव्हाच शू उघडतात. उभ्यानं फक्त हलका गुंजारव ऐकू येतो. चाक उचलून हातानं फिरवत मदतनिसाला लिव्हर दाबायला सांगा.

प्रश्न : ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर पिन निघून ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लावणारा स्विच) पिन ओढून ब्रेक तपासले. नंतर कंट्रोलर बंद पडला.

उत्तर : प्लग गाडीला जोडलेला असताना पिन ओढली असणार. तेव्हा ट्रेलरच्या बॅटरीची पूर्ण वीज निळ्या वायरीतून उलट कंट्रोलरमध्ये शिरते. काही कंट्रोलर ते सोसतात, काही नाही. तपासणी नेहमी प्लग काढूनच करा : पिन ओढा, ट्रेलर हलका पुढे ओढून चाकं धरतात का बघा, पिन लगेच परत घाला. ती तशीच राहिली तर छोटी बॅटरी तासाभरात संपते.

ही बॅटरी किमान पंधरा मिनिटं ब्रेक धरून ठेवेल अशी हवी. चार्जरवरचा हिरवा दिवा यावर विश्वास ठेवू नका, ब्रेक लावलेल्या स्थितीत व्होल्टेज मोजा. आणि पिनेची दोरी सेफ्टी चेनला किंवा कपलिंगला अडकवू नका, गाडीच्या चौकटीला वेगळी बांधा. कपलिंगच निखळलं तर त्याच्याबरोबर दोरीही जाईल आणि पिन जागेवरच राहील.

प्रश्न : ट्रेलर एक, ओढणाऱ्या गाड्या तीन. वायरलेस कंट्रोलर कसा?

उत्तर : तुमच्यासारख्यांसाठीच तो आहे. ट्रेलरच्या प्लगवर किंवा चौकटीवर बसतो, गाडीत काही जोडावं लागत नाही. पण तिन्ही गाड्यांच्या सात पिनी सॉकेटमध्ये बॅटरीची कायम वीज आणि ब्रेक लाइटचा इशारा आलेला हवा. कित्येक सॉकेटांत वीजेची पिन रिकामीच असते. फोनवरून चालणारा घेणार असाल तर मॅन्युअल ब्रेकसाठी वेगळं बटन मिळतं का ते विचारा. डुलणारा ट्रेलर सावरताना कुलूपबंद फोन उघडत बसायची वेळ येऊ नये.

प्रश्न : गाडीला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ आहे. ती स्वतः ब्रेक लावते तेव्हा ट्रेलरचा ब्रेक लागत नाही.

उत्तर : लाल वायर पॅडलच्या स्विचवरून घेतली आहे. क्रूझ ब्रेक लावते तेव्हा पॅडल दाबलं जात नाही, ब्रेक लाइट मात्र गाडीचं मोड्यूल लावतं. इशारा ब्रेक लाइटच्या वायरीवरून किंवा कंपनीनं कंट्रोलरसाठी दिलेल्या कनेक्टरवरून घ्या. नव्या गाड्यांत पॅडलच्या स्विचवर कधी उलटा इशारा असतो, कधी संगणकापुरती नाजूक वीज, तेव्हा तिथे तार टोचून बघू नका, आपल्या मॉडेलचा अडॅप्टर घ्या.

विजेच्या गाड्यांत याची दुसरी बाजू दिसते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मोटरच गाडीचा वेग उतरवते आणि ब्रेक लाइट लागतो. प्रपोर्शनल कंट्रोलर त्या मंदावण्याएवढाच ट्रेलर धरतो. टाइम-डिले मात्र पाय उचलला की पूर्ण ठरलेला जोर देतो, आणि दिवसभर असं झालं की ड्रम तापून पकड सुटते. अशा गाडीला टाइम-डिले जोडूच नका. काही जुन्या गाड्यांत हॅझर्ड लाइट लावल्यावर ट्रेलर टकटक हिसके देतो, त्याचंही मूळ इथेच : हॅझर्ड आणि ब्रेक लाइट एकाच वायरीवर आहेत, आणि कंट्रोलर प्रत्येक लुकलुक म्हणजे ब्रेक समजतो. लाल वायर हॅझर्डच्या आधीच्या टप्प्यावर, स्विचपाशी हलवली की ते थांबतं.